तानुबाईच्या गुडघ्यावरची पगडी

चुलीवर कण्या रटरटत होत्या. मागच्या पडवीत तानुबाई एक पाय दुमडून, एक गुडघा उभा करून बसली होती आणि त्या उभ्या गुडघ्यावर एक लाल पगडी अर्धी बांधून झाली होती. ओल्या कापडाचा पीळ डाव्या अंगठ्याखाली दाबायचा, उजव्या हाताने पुढचा पेच ओढून आणायचा आणि मधूनच मान वळवून कण्या उतू जात नाहीत ना ते बघायचं, असं तिचं चाललं होतं. समोर तिचा नवरा नत्थुजी बसला होता. तो काही करत नव्हता. सांगत होता.

"वढ जरासा. ढिला पडून राहिला तो पेच."

"ढिला नाई पडला. तुमाले तिकून तसा दिसते."

"तीस साल बांधल्या व म्या पगड्या."

"मंग घ्या, बांधा."

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. नत्थुजीने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. हल्ली त्याला ही सवयच लागली होती. हात मांडीखाली असले की त्यांची थरथर कोणाला दिसत नसे, त्याला स्वतःलाही नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "कण्याईत मीठ टाकलं का?" म्हणजे राग गेला होता.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

या घरात दार वाजलं की काय करायचं ते दोघांच्या अंगात इतकं भिनलं होतं की एका शब्दाचीही गरज पडत नसे. तानुबाईने पगडी खालच्या धोतराच्या घडीसकट अलगद उचलली, नत्थुजीच्या गुडघ्यावर बसवली, त्याचा अंगठा पिळावर दाबून ठेवला आणि उठून चुलीपाशी गेली. मग नत्थुजीने मोठ्याने हाक दिली, "या, दार उघडंच आहे." आत येणाऱ्याला दिसायचं ते हेच, की पगडबंद पगडी बांधतो आहे आणि त्याची बायको स्वयंपाक करते आहे. दोन वर्षं सगळी अमरावती हेच बघत आली होती.

अंबा दरवाज्याच्या आतल्या गल्लीत नत्थुजी पगडबंदाचं घर कोणीही दाखवलं असतं. त्याच्या ओसरीत खिळ्यांना दोऱ्यांचे झुबके लोंबत असत. एकेक दोरा म्हणजे एकेका माणसाच्या डोक्याचं माप, कुठे दोन गाठी, कुठे तीन. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हा हे दोरे एकदम वाढले. ज्यांच्या घरी दोन पिढ्या साध्या पटक्यावर भागलं होतं त्यांना बांधीव पगडी हवी झाली. जरीची कोर हवी, आणि शेजाऱ्याच्या पगडीपेक्षा एक पेच तरी जास्त हवा. पुढे लढाई संपली, भाव उतरले, पण डोक्यावर चढलेल्या पगड्या काही उतरल्या नाहीत. नत्थुजीचं काम वाढतच राहिलं आणि नेमके त्याचे हात त्याला सोडून गेले.

आधी करंगळी हलायची. मग पाण्याचा गडू तोंडाशी नेताना अर्धा अंगावर सांडू लागला. एका दुपारी एकच पेच सहाव्यांदा सुटला, तेव्हा तानुबाई हात पुढे करून म्हणाली, "द्या अठी." कापड भिजवणं, खळ लावणं, अंगणात दुसरं टोक धरून पीळ घालणं ही तिचीच कामं होती, लग्न होऊन आल्यापासूनची. पण बांधणं वेगळं. पगडी म्हणजे पुरुषाची अब्रू. ती ओलांडायची नाही, तिला पाय लागू द्यायचा नाही, ठेवायची तर उंच खुंटीवर. पगडबंदाच्या गुडघ्याला तेवढी सूट होती, कारण माणसाच्या अंगावर डोक्याच्या आकाराचं दुसरं काही नाही. ती सूट बाईच्या गुडघ्याला कोणी दिली नव्हती. त्या दुपारी नत्थुजी उठला, आपलं जुनं धोतर घडी करून आणलं आणि तिच्या गुडघ्यावर ठेवलं.

"हे असू दे मधात. म्हंजे मायाच गुडघा झाला."

देवाला हे पटलं असेल, पण गावाला पटलं नसतं. कळलं असतं तर एकूण एक दोरा खिळ्यावरून उतरला असता. म्हणून माप घ्यायला, गप्पा मारायला, घासाघीस करायला पुढे नत्थुजी आणि बांधायला मागे तानुबाई, असा संसार चालला होता. ज्यांच्या पगड्या ती बांधे त्यांतल्या निम्म्यांना तिने कधी समोरून पाहिलंही नव्हतं. तिला फक्त त्यांची डोकी ठाऊक होती.

दारात आला होता तो कमलाकांत, कचेरीतला नवा कारकून. तरणा, काटकुळा. हातात कागद.

"नत्थुजी, अकोल्याला प्रदर्शन भरतंय."

"काय भरून राहिलं?"

"प्रदर्शन. म्हणजे आपल्या मुलखात जे जे चांगलं बनतं ते मांडून ठेवायचं. कापूस, लुगडी, मूर्ती, तसबिरी. लोकांनी येऊन बघायचं."

"अन् घ्यायचं."

"घ्यायचं नाही. नुसतं बघायचं."

"मंग बजार कायचा तो?"

"बाजार नाहीच आहे."

"जत्रा म्हना. देव कोणता?"

"देव नाही हो."

"कौंडण्यपूरच्या जत्रेत देव तरी राहते," चुलीपासून आवाज आला. "घ्याचं नाई, देवाले जाचं नाई, मंग लोक येतीन काहून?"

कमलाकांतने कागद उघडला. साहेबांची इच्छा होती की वऱ्हाडातल्या तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या लाकडी डोक्यांवर मांडाव्यात. त्या नत्थुजीने पाठवायच्या होत्या. आणि प्रदर्शनात एक दिवस त्याने स्वतः बसून सगळ्यांसमोर पगडी बांधून दाखवायची होती.

"येतो," नत्थुजी म्हणाला.

चुलीपाशी झाकण खाली पडलं, आणि ते चुकून पडलं नव्हतं. नत्थुजीने तिकडे बघितलं नाही.

कारकून गेल्यावर तानुबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "काहून हो म्हटलं?"

"मंग काय म्हनू?"

"हात हालून राहिले म्हना. ताप आला म्हना. माया मायले बरं नाई म्हना."

"तुई माय मरून बारा सालं झाली."

"तिले काय कळते?"

नत्थुजीने तो कागद तिच्यापुढे धरला. दोघांनाही तो वाचता येत नव्हता. कागद हातासोबत हलत होता. "हे पाह्य. हे मायं नाव आहे. त्यानं बोट ठिवून दाखवलं. आजवर माया नावानं कोणाचा कागद आला काय?"

ती परत गेली, करपलेल्या कण्या ढवळल्या आणि तिकडूनच म्हणाली, "आता जेवा पयले. मंग पाहू."

दोन दिवस विचार करून तोड निघाली ती तिच्याच डोक्यातून. पगडी घरूनच बांधून न्यायची, फक्त शेवटचे दोन पेच ठेवायचे. सकाळच्या वेळी, पोटात गरम काही असलं तर नत्थुजीचा हात घटकाभर बरा चाले. तेवढ्यात दोन पेच होऊन जातील. बाकी वेळ तो बोलेल. बोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

बडनेऱ्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे आगगाडी. दोघांचीही पहिलीच वेळ. गाडीने वेग घेतला तसा वारा आत शिरला आणि डब्यातले सगळे पुरुष एका हाताने खिडकीचा गज आणि दुसऱ्या हाताने पगडी धरून बसले. पगड्यांची टोपली मांडीवर घेऊन तानुबाई कोपऱ्यात होती. समोरच्या बाकावरची एक पगडी तिला ओळखीची वाटली. मागच्या बाजूचा तो दुमडलेला पेच तिचाच. ती डोळे मिटून बसली, जणू त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं असतं तर त्यालाही पेच ओळखू आला असता.

अकोल्याच्या मैदानात तंबूच तंबू होते. सकाळचा पहिला प्रहर बायकांसाठी राखून ठेवला होता. तानुबाई एकटीच हिंडली. पहिल्या तंबूत काचेच्या बरण्यांतून कापूस ठेवला होता, बरणीवर चिठ्ठ्या. जन्मभर गाड्या भरभरून पाहिलेला कापूस बरणीत चिमूटभर बघून तिला तो आजारी असल्यासारखा वाटला. पुढे दोऱ्यांवर लुगडी टांगली होती. तिथे बायकांची इतकी दाटी की कोणी लुगडं बघते आहे की दुसरीच्या अंगावरचं, ते सांगता येत नव्हतं. हात लावायचा नाही असं शिपाई दर घटकेला ओरडत होता आणि दर घटकेला बायका पदर दोन बोटांत चुरून पोत बघत होत्या. हात न लावता कापड बघायचं म्हणजे काय, हे त्याला तरी कुठे माहीत होतं.

एका तंबूत नुसत्या तसबिरी. मुंबईचा एक छबीवाला हिवाळ्यात अमरावतीला येऊन गेला होता, तिथल्या बड्या लोकांच्या छब्या त्याने कागदावर उतरवल्या होत्या. बायका एकेकाचे डोळे, मिशा, अंगरखे बघून कुजबुजत होत्या. तानुबाईने आधी चेहरे पाहिलेच नाहीत, पगड्या पाहिल्या. ओळीने नऊ माणसं होती, त्यांतल्या चौघांच्या डोक्यावर तिचं काम होतं. ती पहिल्या छबीपासून शेवटच्या छबीपर्यंत गेली आणि परत पहिलीपाशी येऊन आता चेहरे बघू लागली. ओसरीतल्या दोऱ्यांना असे चेहरे होते तर.

मग तिला लाकडी डोकी दिसली. ओळीने बारा डोकी, त्यांवर टोपलीतून आणलेल्या बारा पगड्या, आणि सगळ्याच्या सगळ्या उलट्या. मागची बाजू पुढे. मांडणाऱ्याला पुढचा भाग कमी सजलेला वाटला असावा. तिने इकडे तिकडे पाहिलं, शिपाई लुगड्यांपाशी ओरडत होता. तिने एकेक पगडी उचलली, फिरवली, बसवली. सातवीचं टोक सुटलं होतं. तिने ती खाली बसून गुडघ्यावर घेतली, अंगठा दाबला, टोक आत खोचलं आणि वर बघते तो कमलाकांत उभा.

"उलट्या होत्या," ती म्हणाली.

"हो का." तो तिच्या गुडघ्याकडे बघत होता. "फार चटकन बसवलीत, बाई."

"रोजचं पाहणं आहे."

त्याने मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. पण जाताना एकदा मागे वळून बघितलं. तानुबाईचा दिवस तिथूनच बिघडला.

बायकांची वेळ संपून पुरुषांची सुरू झाली, तशी ती नत्थुजीच्या बैठकीमागे कनात लावली होती तिच्या आड जाऊन बसली. कनातीच्या फटीतून तिला नत्थुजीची पाठ दिसत होती आणि समोरची गर्दी. मधे सतरंजी, दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर साहेब लोक. नत्थुजी रंगात आला होता. कोणत्या गावची पगडी कशी, कोणाच्या आज्याने पगडीत काय लपवलं होतं, कोणाचं डोकं पगडीपेक्षा हलकं. लोक हसत होते. मग त्याने ती तयार पगडी गुडघ्यावर घेतली, दोन पेच राहिलेली. त्याचा हात त्या वेळी खरंच बरा होता.

"हे काय?" गर्दीतून आवाज आला. खुशालराव पाटील पुढे आले. बडनेऱ्याकडचे मोठे शेतकरी, धिप्पाड, आवाज असा की दोन शेतं पलीकडचा बैल थांबावा. नत्थुजीवर त्यांचा जीव होता, त्याची बढाई चार लोकांत मारायलाच ते एवढ्या लांब आले होते. "हे तं बांधलेलीच आहे. यात पाहाचं काय? पहिल्यापासून बांध, नत्थुजी. माया डोक्यावर माप घे अन् कोऱ्या कापडापासून बांध. पाहू दे साहेबाले."

साहेबाला त्याच्या माणसाने ते सांगितलं. साहेबाने मान हलवली. कोरं कापड आलं.

खुशालरावांनी तेवढ्यापुरती पगडी उतरवली आणि नत्थुजीने माप घेतलं. दोरा दोनदा खाली पडला, तो त्याने विनोदात घातला. कापड भिजवून झालं. एका शिपायाने टोक धरलं आणि पीळ घालून झाला. पहिला पेच गुडघ्यावर आला तेव्हा हात थरथरू लागला होता. दुसरा पेच सुटला. लोक अजून हसत होते, त्यांना वाटलं हीसुद्धा गंमतच. तिसऱ्यांदा सगळं कापड सतरंजीवर सांडलं तेव्हा हसणं थांबलं.

तानुबाईला इथून काहीच करता येत नव्हतं. घरी असती तर कापड ओढून घेतलं असतं. ती नुसती त्याच्या मानेकडे बघत होती. आता हा म्हणेल ताप आहे. म्हणावं, तिने मनात म्हटलं. माझ्या आईचं नाव घ्यावं हवं तर.

नत्थुजीने कापड गोळा केलं, मांडीवर ठेवलं.

"पाटील," तो म्हणाला, "माया हातानं आता नाई होत. दोन साल झाले. तुमच्या डोक्यावर आहे ते, अन् तिकडं लाकडावर मांडल्या त्या, सगळ्या कौशल्येच्या मायनं बांधल्या. कौशल्या म्हंजे धामणगावाले देलेली आमची पोरगी, तिची माय. ते बसली कनातीमागं. मी फक्त बोलतो."

हे बोलायला त्याला किती वेळ लागला कोण जाणे. तानुबाईला तो वेळ मोजता आला नाही.

खुशालरावांनी डोक्यावरची पगडी काढली. हातात घेऊन आतून पाहिली, बाहेरून पाहिली. "म्हंजे दोन साल मी बाईच्या गुडघ्यावरची पगडी घालून हिंडून राहिलो?"

कोणी तरी खुदकन हसलं. त्यांच्या शेजारी महादेवराव उभे होते, कापसाचे अडते, मोठे सोवळे. त्यांनी आपली पगडी उतरवली आणि नत्थुजीसमोर सतरंजीवर ठेवली. "हे ठेव तुई." आणि ते गर्दीतून चालू लागले.

तानुबाई उठली. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि कनातीच्या कडेला येऊन उभी राहिली. बाहेर नाही, आतही नाही. इतक्या पुरुषांसमोर तिचा आवाज कधी निघाला नव्हता, आणि आता निघाला तो रोज चुलीपासून निघायचा तोच.

"पाटील, तुमचं डोकं डावीकून जरा फुगीर आहे."

लोक हसले. ती थांबली नाही.

"हे बांधत होते तवा तुमाले डाव्या अंगानं टोचे. तुमी दर खेपेले सांगत होते अन् हे मानत नव्हते. म्हनत, पाटलाचं डोकंच तिरपं. मी बांधाले लागली तवापासून त्या बाजूचा पेच सैल घेते. आता टोचते का?"

खुशालरावांचा हात आपोआप डाव्या कानावर गेला. ते बराच वेळ तिथे चाचपत राहिले.

"नाई टोचत," ते म्हणाले. "दोन साल झाले, नाई टोचत. मले वाटलं डोकंच बसलं आता." मग नत्थुजीकडे वळून, "काय रे, तिरपं म्हनत होता मले?"

"तिरपंच आहे," नत्थुजी म्हणाला.

यावर जो हशा झाला त्यात साहेबही हसला, काही न कळता. इकडे महादेवराव पंधरा-वीस पावलं गेले होते. भर मैदानात, भर उन्हात, बोडक्या डोक्याने. आपल्याकडे पुरुष बोडका दिसला की लोक एकच गोष्ट समजतात. समोरून येणारा एक म्हातारा थबकला, त्याने चेहरा पाडला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "कोण गेलं हो, महादेवराव?"

महादेवरावांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पुढे सगळं मैदान पडलं होतं आणि त्यात ओळखीची माणसं. ते परतले, सतरंजीवरची पगडी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"ऊन लय आहे," ते म्हणाले, आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता निघून गेले.

"बांध व माय," खुशालराव तानुबाईला म्हणाले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. "साहेब थांबून राहिला."

तिने नत्थुजीकडे पाहिलं. तो सरकला, अर्ध्या सतरंजीवर तिला जागा करून दिली आणि स्वतःचं उपरणं घडी करून पुढे केलं. तिने ते गुडघ्यावर घेतलं. कोरं कापड, पहिला पेच, दुसरा पेच. पाचव्या पेचाला नत्थुजी म्हणाला, "वढ जरासा," आणि ती म्हणाली, "दिसून राहिलं मले." साहेबाने घड्याळ काढून वेळ पाहिली. पगडी झाली तेव्हा खुशालरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोक्यावर बसवली आणि मान डावीकडे, उजवीकडे हलवून दाखवली. एखादं नवं जनावर विकत घ्यावं आणि ते चालवून दाखवावं तसं.

सगळंच काही गोड झालं नाही. पुढच्या महिन्यात दोन घरं तुटली ती तुटलीच, त्यांचे दोरे तानुबाईने स्वतः उतरवले. पण ते पुढचं. त्या दिवशी दुपारी कमलाकांत छबीवाल्याला घेऊन आला. साहेबांना या पगडबंद जोडप्याची छबी हवी होती, कामाला बसलेली. उद्या सकाळपासून ती तंबूत इतरांच्या छब्यांशेजारी लागायची होती.

"मला सकाळीच कळलं होतं," कमलाकांत तानुबाईला हळूच म्हणाला.

"कळलं होतं तं सांगतलं काहून नाई कोणाले?"

"कोणी विचारलं नाही."

तिला तो मुलगा पहिल्यांदाच बरा वाटला.

दोघांना उजेडात बसवलं. तिच्या गुडघ्यावर पगडी, आणि पिळाचं दुसरं टोक नत्थुजीच्या हातात. तिपाईवरच्या पेटीमागे काळ्या कापडात डोकं घालून छबीवाला ओरडला, की आता वीस मोजेपर्यंत कोणी हलायचं नाही, पापणीसुद्धा नाही. नत्थुजीने जन्मात बसला नसेल इतकं ताठ बसून दाखवलं. छबीवाला काच घेऊन अंधाऱ्या राहुटीत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. काचेखाली त्याने काळं फडकं धरलं तसं चित्र उमटलं.

तानुबाई होती. पदराची किनार होती, पगडीचा एकेक पेच मोजता यावा असा होता. नत्थुजीचा चेहरा होता, मिशा होत्या, ताठ मान होती. हात नव्हते. बाह्यांच्या पुढे नुसता धूर होता.

नत्थुजीने काच बराच वेळ पाहिली. "बराबर आहे," तो म्हणाला. "जे आहे तेच निघालं."

छबीवाल्याला वाईट वाटलं असावं, पण त्याची घाई होती. ऊन उतरत चाललं होतं आणि त्याच्याजवळ आणखी एकच काच तयार होती. तो कमलाकांतला म्हणाला, "असं करू. बाबांना राहू द्या. बाईंची एकटीचीच काढतो. बांधतात तर त्याच. स्वच्छ येईल."

नत्थुजी लगेच उठायला लागला. "हो, हो. तेच बरं. तू बस व. ताठ बस." उठताना त्याने जमिनीला हात टेकला आणि तो हात टेकल्या जागी हलत राहिला.

आजूबाजूला माणसं उभी होती. खुशालराव होते, कचेरीतले चार जण होते, दोन शिपाई होते. बाप, भाऊ सोडले तर चारचौघांत कोण्या पुरुषाचा हात धरणारी बाई यांतल्या कोणी पाहिली नव्हती. आपल्या नवऱ्याचा तर नाहीच. तानुबाईने पगडी गुडघ्यावरून काढून बाजूला ठेवली. नत्थुजीला खाली बसवलं आणि छबीवाल्याकडे पाहून म्हणाली,

"एकटीची नका काढू, भाऊ. मी यांचे हात माया हातात धरून बसते, मंग ते हालत नाई. तशी काढून द्या."